अनोळखी बंदरात शिरताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाउसमध्ये झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. थोडी काटछाट सोडली तर बोलले तसेच छापले आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘समुद्रातील थरार’. नोटीस बोर्डावर तसंच लागलंय. पण मी त्यांना आधीच सांगितलं की थरार वगैरे माझ्याकडे फारसा नाही. शिडाच्या बोटीतून फिरतो म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, वादळात काय करता? खरं सांगू का, ऑक्टोबर ते मे आपण हवामान बघून निघालो तर आपल्या किनाऱ्यावर वादळ क्वचित गाठतं. आणि खोल समुद्रात बोटीला धडकायला असतंच काय? खाली पाणी, चहूबाजूंना पाणी. भीती वाटायला लागते ती जमीन दिसायला लागल्यावर. त्यातही ती जमीन आपण पूर्वी कधी पाहिलेली नसेल तर जास्तच. म्हणून मी आज शेवटच्या दहा मैलांबद्दल बोलणार आहे. अनोळखी बंदरात शिरायचं कसं आणि बोट धक्क्याला लावायची कशी, एवढंच. ज्यांना थरार हवा होता त्यांनी चहा होईपर्यंत कळ काढावी.

उदाहरण घेतो कोचीचं. 2024 च्या जानेवारीत आम्ही चौघे मुंबईहून कोचीला गेलो. अंतर साधारण 580 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, तेव्हा हजार किलोमीटरच्या वर झालं. बोट 36 फुटी, वजन सातेक टन. तिच्या पोटाखाली एक जड कणा असतो, त्यामुळे ती वाऱ्यात उलटत नाही. पण त्याच कण्यामुळे तिला निदान 1.8 मीटर पाणी लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. बोट माझ्या एका जुन्या मित्राची. तो तेव्हा 66 वर्षांचा, डायबेटिसवाला. बरोबर त्याचा मुलगा आणि मुलाचा एक दोस्त. बोट मित्राची असली तरी प्रवासात निर्णय माझा, असं निघतानाच ठरलं होतं. बोटीवर हे आधी ठरवावं लागतं. सोसायटीच्या मीटिंगसारखं तिथे ठराव मांडून, सूचक-अनुमोदक घेऊन चालत नाही.

मुंबई आपली, म्हणून आपल्याला ती सोपी वाटते. पण बाहेरून येणाऱ्या माणसाच्या नजरेनं बघा. कुलाब्याच्या दक्षिणेला पाण्याखाली खडकांची लांब जीभ गेलेली आहे. तिच्या टोकाला 1875 साली प्रॉन्ग्जचं दीपगृह बांधलं, ते आजही उभं आहे. समोरच्या बाजूला थळचा खडक. या दोघांच्या मधून आत यायचं. शिवाय उधाणाला भरती-ओहोटीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे दीड मजला पाणी सहा तासांत वर, सहा तासांत खाली. ससून डॉकला लहानपणापासून गेलेल्या माणसाला हे अंगात भिनलेलं असतं. कोचीच्या माणसाला मुंबईत आल्यावर ते नकाशावरून वाचावं लागतं. आणि आम्हाला कोचीचं वाचावं लागलं.

ते वाचन आम्ही मुंबईतच सुरू केलं होतं. आपल्या किनाऱ्याचे नकाशे डेहराडूनचं नौदल जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. समुद्राचे नकाशे डोंगरात का काढतात, हे मला विचारू नका. या नकाशावर सगळीकडे बारीक आकडे असतात. ते त्या जागची खोली दाखवतात. ही खोली अगदी खालच्या ओहोटीची धरलेली असते. म्हणजे नकाशावर दोन लिहिलंय तिथे बहुतेक वेळा दोनपेक्षा जास्तच पाणी मिळतं. हिशेब असा सुरक्षित बाजूला ठेवलेला असतो. पण वाळू आणि गाळ नकाशा छापल्यावर हलायचे थांबत नाहीत. जीपीएस तुम्हाला सांगतं की तुम्ही पृथ्वीवर नेमके कुठे आहात. तुमच्याखाली आज किती पाणी आहे ते सांगत नाही. त्यासाठी खोली मोजायचं यंत्र वेगळं, आणि त्याच्याकडे बघत राहणारा माणूसही वेगळा.

कोची हे बंदर मुळात मोठ्या जहाजांना बंदच होतं. वेंबनाड तलावाचं आणि त्यात येणाऱ्या नद्यांचं पाणी फोर्ट कोची आणि वायपीन या दोन टोकांमधून समुद्रात पडतं. तोंडाची रुंदी अर्धा किलोमीटरही नाही. तोंडाबाहेर वाळूचा घट्ट दांडा. आपल्या कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी असतो तसाच, पण मोठा. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माल छोट्या पडावांतून आत जायचा. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर 1920 साली तिथे गेला आणि त्याने हा दांडा कापून कालवा काढायचं काम हाती घेतलं. 1928 मध्ये ‘पद्मा’ नावाची आगबोट त्या कालव्यातून आत गेली. उपसलेला गाळ टाकून टाकून आत एक आख्खं बेट तयार केलं, तेच विलिंग्डन बेट. हे एवढ्यासाठी सांगितलं की कोचीत आत शिरायची वाट माणसाने खोदलेली आहे. वाट सोडली की बाजूला जुना दांडा आहेच.

या वाटेच्या दोन्ही कडांना तरंगते बोये असतात. आत जाताना लाल डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला. निदान आपल्याकडे. अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्सकडे नेमकं उलट: आत जाताना लाल उजवीकडे. सगळ्या जगाचं यावर एकमत झालं नाही. शेवटी जगाचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग केले आणि तंटा मिटवला. आपण ‘अ’मध्ये. रात्री हे बोये लुकलुकतात, आणि प्रत्येकाची लुकलुकण्याची लय वेगळी असते. मी एका वहीत बोये क्रमाने लिहून काढले होते: रंग, लय, एकापासून दुसरा किती अंतरावर, कोणत्या दिशेला. मुलांना वाटलं, काका अजून वहीच्या जमान्यात आहेत. टॅब्लेटवर हे सगळं दिसतंच की. दिसतं. पण टॅब्लेटवर पाण्याचा थेंब पडला की तो मनानेच पानं उलटायला लागतो, हे त्यांनाही तिसऱ्या दिवशी कळलं.

प्रवास छान चालला होता. जानेवारीत दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीमागून मिळतो. पहाटे जमिनीवरून मतलई. दोन्ही वारे आपले, फक्त मधले दोन-चार तास इंजिनाचे. चौथ्या दिवशी दुपारी, पोन्नानीच्या समोर असताना, मित्राचं पोट बिघडलं. उलट्या आणि जुलाब. एकदा झालं की आपण दुर्लक्ष करतो. संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा झालं, तेव्हा डायबेटिसच्या माणसाच्या बाबतीत दुर्लक्ष चालत नाही. पोन्नानीला वळावं का, हा विचार केला. पण ते नदीच्या तोंडावरचं मासेमारीचं बंदर. त्याचा मोठा नकाशा आमच्याकडे नव्हता, आणि पोचेपर्यंत अंधार झाला असता. कोची पन्नासेक मैलांवर होतं, आणि कोचीचा अभ्यास झालेला होता. तसेच पुढे निघालो.

रात्री एकच्या सुमाराला कोचीच्या बाहेर पोचलो. बंदराचा सगळ्यात बाहेरचा बोया सापडला. मोबाइलला रेंज होती. आणि इथून पुढचे सहा तास मला या सगळ्या प्रवासातले सगळ्यात लांब वाटले.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. समोर शहर दिसतंय, दवाखाने दिसत नाहीत पण आहेत, बाबांना बरं नाही, मग बाहेर का थांबायचं? “काका, दोन तासांत आपण आत असू.” त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुलगा म्हणून त्याने दुसरं काय म्हणायचं?

पण समोर काय दिसत होतं ते सांगतो. अमावास्येच्या जवळची रात्र. किनाऱ्यावर मैलोन्मैल दिवे: इमारती, रस्ते, कंटेनरच्या क्रेन, गॅस टर्मिनल. त्या झगमगाटात बोयाचा लाल ठिपका शोधायचा म्हणजे दिवाळीच्या रात्री समोरच्या इमारतीतली एकच पणती ओळखायची. पुढे मासेमारीच्या बोटी. काहींना दिवे, काहींना एक मिणमिणता, काहींना नाहीच. त्यांची जाळी कुठपर्यंत पसरली आहेत ते दिसण्याचा प्रश्नच नाही. जाळं पंख्यात अडकलं की इंजिन बंद, आणि मग वाटेच्या तोंडावर, मोठ्या जहाजांच्या मार्गात, आपण तरंगता ओंडका. त्यात ओहोटी नुकतीच लागली होती. कोचीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरच, मुंबईच्या मानाने काहीच नाही, पण त्या अख्ख्या तलावाचं पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं, तेव्हा समोरून ओढ लागते. वर वाराही समोरूनच, जमिनीचा. म्हणजे ज्या जागी कमीत कमी वेळ काढायचा तिथे जास्तीत जास्त वेळ गेला असता.

आणि आजारी माणसाचं काय? त्यासाठी मित्राच्या पुण्यातल्या डॉक्टरांना रात्री सव्वा एकला फोन लावला. उचलला त्यांनी, त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, शुद्धीवर आहेत का, नीट बोलतात का, लघवी झाली का, शुगर किती. मशीन होतं, शुगर 132 निघाली. डॉक्टर म्हणाले, रात्रीची गोळी देऊ नका, ओआरएस चमच्याचमच्याने द्या, दर तासाला शुगर बघा. ऐंशीच्या खाली गेली, किंवा बोलणं असंबद्ध झालं, किंवा नुसतेच पेंगायला लागले, तर वाट बघू नका.

या शेवटच्या वाक्याने माझं काम सोपं झालं. मी मुलाला म्हटलं, या तीनपैकी एकही गोष्ट झाली तर मी बोट आत नेणार नाही, तटरक्षक दलाला बोलावीन. त्यांचा नंबर 1554, रेडिओवर चॅनेल 16. त्यांची बोट या पाण्यातली आहे, त्यांचा माणूस रोज इथून जातो. ते येऊन बाबांना आपल्यापेक्षा लवकर आणि नीट घेऊन जातील. आणि यातलं काहीच झालं नाही, तर बाबांना सकाळपर्यंत काही होत नाही. तो काही बोलला नाही. पुढचे दोन तास बोलला नाही.

थांबायचं म्हणजे काय करायचं, हेही ऐका. समुद्रात हँडब्रेक नसतो. नांगर टाकावा तर तिथे जहाजं येऊन उभी राहतात. पण शिडाच्या बोटीला उभं करायची एक जुनी युक्ती आहे. पुढचं शीड वाऱ्याच्या उलट बाजूला ताणून धरायचं, मोठं शीड थोडं सैल सोडायचं आणि सुकाणू विरुद्ध बाजूला बांधून टाकायचं. एक शीड बोटीला एकीकडे वळवतं, सुकाणू दुसरीकडे, आणि या भांडणात बोट जागच्या जागी मान हलवत बसते. हेलकावे इतके कमी होतात की आजारी माणसाला झोप लागते. वारा जमिनीवरून होता, त्यामुळे आम्ही तासाला एखादा मैल समुद्राकडे सरकत होतो. किनाऱ्याकडे सरकत असतो तर ही युक्ती कामाची नव्हती.

दोन वाजता शुगर 118. तीन वाजता 104. हा आकडा उतरत गेला तसा माझाही धीर उतरत होता, हे लपवत नाही. मुलाने ओआरएसमध्ये घरची साखर दोन चमचे जास्त घातली, मी बघितलं आणि काही बोललो नाही. चार वाजता 121. मित्राने डोळे उघडून विचारलं, “पोचलो का?” म्हटलं, दारात आहोत, वॉचमन उठायचाय. तो हसला. असंबद्ध बोलत नव्हता.

साडेसहाला उजाडायला लागलं आणि सगळा देखावाच बदलला. रात्री ज्या दिव्यांच्या भिंतीला आम्ही घाबरत होतो तिथे वायपीनचं दीपगृह सुटं उभं दिसलं, नारळीच्या रांगा दिसल्या, बोये एकामागे एक दिसले, वहीत लिहिले तसे. आणि दोन बोटींच्या मधे पसरलेलं एक लांबच लांब जाळं दिसलं, नेमकं वाटेच्या उत्तरेला. मुलानेच ते आधी बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग दुर्बिणीतून उगाच दुसरीकडे बघत राहिला.

रेडिओवरून बंदराच्या नियंत्रण कक्षाला कळवलं: बोट कोणती, माणसं किती, एक आजारी, कुठे जायचं आहे. उत्तर आलं, एक कंटेनर जहाज बाहेर पडतंय, थांबा. पुष्कळांना वाटतं, शिडाच्या बोटीला समुद्रावर पहिला मान असतो, यंत्राच्या जहाजाने बाजूला व्हायचं. मोकळ्या समुद्रात ते बरंचसं खरं आहे. अरुंद वाटेत नाही. त्या मोठ्या जहाजाला वाटेबाहेर पाणी नाही. ते वळू शकत नाही, चटकन थांबू शकत नाही. आम्हाला मात्र 1.8 मीटरच हवं. तेव्हा आम्ही बोयांच्या रांगेच्या बाहेरून, नकाशावर पुरेसं पाणी होतं तिथून चाललो. छोटं असण्याचा हा फायदा. ते जहाज बाजूने गेलं तेव्हा आमच्यावर पाच मिनिटं सावली होती.

तोंडात शिरण्याआधी चार गोष्टी केल्या. शिडं उतरवली, पण बांधून टाकली नाहीत. इंजिन बंद पडलं तर मिनिटात चढवता यावीत. इंजिन उलटं फिरवून बघितलं, कारण पुढे जाणारं इंजिन मागेही जाईल असं गृहीत धरायचं नसतं. नांगर मोकळा केला, नुसती पिन काढली की पडेल असा. तोच अनोळखी जागेतला आपला खरा ब्रेक. आणि दोर व रबरी फेंडर दोन्ही बाजूंना लावले. धक्का डाव्या हाताला येईल की उजव्या, ते तिथे पोचल्यावरच कळतं, आणि त्या वेळी फेंडर इकडचे तिकडे करायची धावपळ बघायला फार मजेशीर असते, दुसऱ्याच्या बोटीवर.

साडेसातला भरती आत घेऊन जात होती. डावीकडे वायपीनची, उजवीकडे फोर्ट कोचीची ती प्रसिद्ध चिनी जाळी, मोठ्या लाकडी पंजांसारखी पाण्यावर वाकलेली. मधेच दोन डॉल्फिन वर आले. फोटो काढायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात फोर्ट कोचीहून वायपीनला गाड्या नेणारी रो-रो फेरी आडवी निघाली. फेरीवाल्यांना तुमच्या बोटीचं कौतुक नसतं. त्यांची दिवसातली ही चाळिसावी खेप असते. आम्ही वेग कमी करून तिला पुढे जाऊ दिलं. मग जलपर्णी. हिरवीगार बेटंच्या बेटं भरतीबरोबर आमच्यासोबत आत चाललेली. चुकवता येतील तेवढी चुकवली. एक चुकवता आलं नाही, तेव्हा इंजिनाचा गियर काढला आणि बोट तशीच घरंगळत त्यातून जाऊ दिली. पंखा फिरत नसेल तर पानं गुंडाळली जात नाहीत.

पुढे पाणी फुटतं. विलिंग्डन बेटाच्या एका अंगाला एर्नाकुलमची वाट, दुसऱ्या अंगाला मट्टनचेरीची. डावीकडे वल्लारपाडमच्या क्रेन. आम्हाला जायचं होतं बोल्गाटीला. तिथे डच लोकांनी 1744 मध्ये बांधलेला वाडा आहे, आता त्याचं सरकारी हॉटेल झालंय. त्याच्या शेजारी शिडाच्या बोटींसाठी मरीना आहे, म्हणजे पाण्यावर तरंगणारे धक्के. आपल्या देशात अशा जागा अगदी थोड्या. मुंबईसारख्या मुंबईत आम्ही बोयाला बोट बांधून छोट्या होडीने किनाऱ्याला येतो. याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, पण ते वेगळ्या भाषणाला ठेवतो. बोल्गाटीच्या समोरून कोची वॉटर मेट्रोच्या विजेवरच्या बोटी जातात. 2023 मध्ये त्या सुरू झाल्या. आवाजच नाही. पाठीमागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

आता बोट लावायची. आपल्याकडे पार्किंग हा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून गाडीच्या भाषेत सांगतो. कल्पना करा की तुमचा स्लॉट बर्फावर आहे, तो बर्फ स्वतः एका दिशेला सरकतोय, गाडीला ब्रेक नाही, आणि स्टिअरिंग फक्त गाडी पळत असतानाच चालतं. हळू झालात की स्टिअरिंग गेलं. बोटीचं सुकाणू पाणी त्याच्यावरून वाहतं तेव्हाच काम करतं. शिवाय रिव्हर्स टाकला की पंख्याच्या फिरण्यामुळे पिछाडी एका बाजूला सरकते. आमच्या बोटीची डावीकडे. ही प्रत्येक बोटीची खोड असते, गुण म्हणा हवं तर. माहीत असेल तर त्याच खोडीचा उपयोग करून पिछाडी धक्क्याला आणता येते.

म्हणून मी आधी नुसताच समोरून गेलो. लावायचा प्रयत्नही केला नाही. मुलगा वैतागला असणार, पण आता तो गप्प राहून बघत होता. त्या एका फेरीत कळलं की पाणी धक्क्याला समांतर वाहतंय, आमच्या पाठीमागून. कुठल्या खांबाला पाण्याची रेघ कशी उमटते ते बघितलं की ओढ कळते. वारा नावापुरता. मोकळी जागा डाव्या बाजूने लावण्यासारखी. तेव्हा मागे वळलो, तोंड प्रवाहाकडे केलं आणि परत आलो. प्रवाह समोरून असला की बोट पाण्यातून पुढे चालते, सुकाणू चालतं, पण जमिनीच्या हिशेबाने ती जवळजवळ उभी असते. ब्रेक नसलेल्या गाडीला मिळणारा हाच ब्रेक.

मुलांना कामं वाटून दिली होती. सगळ्यात आधी कंबरेचा दोर, म्हणजे बोटीच्या मधोमध बांधलेला. तो एक अडकला की बोट कुठे जात नाही. बाकीचे सावकाश बांधता येतात. उडी मारायची नाही. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हात किंवा पाय घालायचा नाही. सात टनांची बोट पायाने थोपवता येते असं माणसाला आतून वाटतं. हाड मोडल्यावर वाटणं बंद होतं.

आणि मग धक्क्यावर मदतीला एक गृहस्थ धावत आले. मदतनीसांबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आपल्या गेटवरचा वॉचमन आठवा. तुम्ही गाडी मागे घेताय, तो हातवारे करतोय, “आने दो, आने दो, आने दो...” आणि धाड आवाज आल्यावर “बस!” धक्क्यावरचा मदतनीस तसाच असतो. मनाने फार चांगला. दोर हातात आला की तो जीव खाऊन ओढतो. आणि त्याच्या हातात आला नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा दोर. तो ओढला की नाळ धक्क्यावर आपटते आणि पिछाडी बाहेर जाते, शेजारच्या बोटीकडे. शेजारी एक परदेशी नौका उभी होती, तिच्या डेकवर कपडे वाळत घातलेले.

मी ओरडणार तोच मुलगा नाळेवरून शांतपणे म्हणाला, “चेट्टा, पतुक्के.” दादा, हळू. हा एक शब्द तो कोचीच्या एका मित्राकडून शिकून आला होता. त्या गृहस्थांनी ओढणं थांबवलं, दोर नुसता खुंटीला एक वेढा देऊन धरून ठेवला. तेवढ्यात दुसऱ्या मुलाने कंबरेचा दोर अडकवला. मी रिव्हर्स टाकला, पिछाडी डावीकडे सरकली, फेंडर चिरडल्याचा कुईं आवाज झाला आणि बोट उभी राहिली. आठ वाजून चाळीस मिनिटं.

इंजिन मी लगेच बंद केलं नाही. चारही दोर पक्के होईपर्यंत ते चालूच ठेवतो. मग बंद केलं. चार दिवसांनी ती शांतता फार मोठी वाटते.

मित्राला दोघांनी धरून धक्क्यावर उतरवलं. जमिनीवर पाय ठेवल्यावर तो डुलायला लागला. आजारामुळे नव्हे, आम्ही सगळेच डुलत होतो. चार दिवस हलत्या फळीवर राहिल्यावर कान जमिनीला हलवतात. रिक्षाने दवाखान्यात गेले. सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या, संध्याकाळी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी बरंच गेलं होतं, पण वेळेत आणलंत. ‘वेळेत’ या शब्दावर मुलाने माझ्याकडे बघितलं. आम्ही त्यावर तेव्हाही बोललो नाही, नंतरही नाही. पण पुढच्या वर्षी त्याने बाबांची बोट घेऊन स्वतः मुंबई ते गोवा केलं, आणि निघायच्या आधी मुरगाव बंदराचे बोये क्रमाने एका वहीत लिहून मला तपासायला आणून दिले.

एका भगिनींची चिठ्ठी आलीय: एकट्याने हे कसं करतात? करतात. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन अशा चार बंदरांत थांबले. समुद्रातल्या महिन्यांचं कौतुक सगळे करतात, ते करायलाच हवं. मी मात्र ती चार आगमनं डोळ्यासमोर आणतो. महिनाभर नीट न झोपलेला माणूस, मोठी बोट, आणि सुकाणू, इंजिन, दोर यांना मिळून एकच जोडी हात.

दुसरी चिठ्ठी: आपल्या व्हिजिटर पार्किंगमध्ये लोक आडव्या गाड्या लावतात, त्यावर काय उपाय? हा प्रश्न कमिटीकडे पाठवतो.

कोचीचा नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवलाय, रविवारपर्यंत राहील. मुलांना जरूर दाखवा. पेन्सिलने काढलेली रेघ आमची आहे. फोर्ट कोचीच्या वर जो गोल डाग दिसतो तो खडक नाही, चहाच्या कपाचा आहे. आणि कपावरून आठवलं, चहा आलेला दिसतोय.